आरसा पोचला का फुटला?

इराणी पिच्चर मी जन्मात एकच बघितलाय, तोबी मेहुण्याच्या कृपेनं. हा नितीन पुण्यास्नं सिनेमाचा कोर्स करून आला, तवापास्नं त्याला आमची लई कीव यायची. म्हणून केंदूरच्या समाजमंदिरात दारं-खिडक्या लावून त्यानं समद्यांना बसवलं.

पिच्चरमधी एक म्हातारा गाढवावर आरसा लादून लेकीच्या गावाला निघालेला. डोंगर संपंना, म्हातारा बोलंना. आन् एकदम पडद्यावर काळोख!

आम्ही गपगार बसलो. लाईट गेल्यावर केंदूरचा माणूस दुसरं काय करणार? सवयच हाय. थंडीमुळं पंखेबी बंदच होते, कळणार कसं?

तेवढ्यात नितीनचा भरून आलेला आवाज, "काय ही शांतता! असे प्रेक्षक पुण्यातबी न्हाईत."

आमचे माजी सरपंच आप्पा म्हणाले, "काळजी करू नको. वायरमनला फोन लावलाय."

"आप्पा, लाईट हाय. पिच्चर संपला."

"संपला? मग आरसा पोचला का फुटला?"

"ते आपलं आपण ठरवायचं, आप्पा."

"आरं, मग आम्हाला हितं कोंडलंस कशाला? गाढव निघालं तवाच ठरवून घरी गेलो असतो की!"