कडेची आई

फोटो छापून देणाऱ्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते.

"दादा, आई तर गेली. निदान तिचा तो हसरा फोटो मोठा करून लावू या. दोरीवर उडणाऱ्या चादरी, आणि कडेला ती, हातात चिमटे घेऊन."

"तो मी स्पर्धेला पाठवला होता."

"मग फाइल चांगली मोठी असेल की!"

"आहे. पण त्यात नुसत्या चादरी आहेत. चौकट नेटकी दिसावी म्हणून तेवढी कड कापली मी."

"मूळ फोटो काढ ना मग."

"त्याच्यावरच सेव्ह केला गं."

"अरे, हात कसा धजला तुझा?"

"तीच शेजारी बसून म्हणत होती, 'मला काढून टाक रे, उगाच मध्ये कडमडलेय.'"

"आणि तू ऐकलंस?"

"जन्मात तेवढं एकदाच ऐकलं तिचं."