रुपरावच्या बिमारीचे दोन रुपये

…नाही, तुम्हीच सांगा मले, ज्याले साधी शिंकही येऊन नाही राहिली त्या माणसानं धंतोलीत जाऊन दवाखान्यात नंबर लावाचा काहून? तोही दर गुरुवारी? आणि जाचं तर जा बापा, आपल्या पायानं जा, सोबत मले कायले नेतं? पण नाही. सक्करदऱ्याहून सायकल हाणत माह्या दारात येणार, घंटी वाजवणार आणि म्हणणार, "बाबाराव, चाल गा, मले दवाखान्यात घेऊन चाल." म्हणजे सायकल त्याची, चालवणार मी, आणि मागं कॅरिअरवर हा बसणार, कारण बिमार माणूस स्वतः सायकल चालवत आला तर डॉक्टर काय म्हणन? आणि याले झालं काय होतं? काहीच नाही.

हा रुपराव म्हणजे माहा साडभाऊ. त्याची गोपिका आणि माही बायको सख्ख्या बहिणी, म्हणून अडकलो, नाहीतर मी कायले या भानगडीत पडतो... पाटबंधारे खात्यात बाबू आहे, वय त्रेचाळीस, तब्येत अशी का लग्नाच्या पंगतीत वाढणारे थकतेत, हा थकत नाही. तंबाखू नाही, पत्ते नाही. नाद एकच. जुन्या नोटा. कागदाच्या. आता तुम्ही म्हणसान, मंग त्यात काय, दुकानातून विकत घ्याव्या... तेच तर. इतवारीत एक जण जुन्या नोटा, जुनी नाणी विकते, पण त्याच्याकडून घेतलेली नोट रुपरावच्या लेखी नोटच नाही. "पैसे देऊन तं कोणीही घेईन गा," तो म्हणते. "नोट कशी, हातोहाती फिरत फिरत आपल्याकडे आली पाहिजे. आपसूक."

आपसूक म्हणे. त्या आपसूकसाठी याच्यासोबत एक दिवस भाजी घ्याले जाऊन पाहा. पावभर वांगे घेणार, पाचाची नोट देणार, आणि चिल्लर हातात आली का एकेक नोट उन्हात धरणार, उलटी करणार, सुलटी करणार, सही वाचणार, नंबर वाचणार, मागं सात बाया खोळंबल्या तरी याचं वाचन चालूच. भाजीवाली म्हणते, "का गा भाऊ, खोटी वाटते का तुले?" हा म्हणते, "नाही वं बाई, नवीन वाटते." नवीन नोट हातात आली म्हणून तोंड पाडणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नसन.

तर याच्या वहीत साऱ्या नोटा होत्या, एकच नव्हती. दोनाची. पण साधी दोनाची नाही. झालं असं का, स्वातंत्र्यानंतर दोनाची पहिली नोट निघाली, तिच्यावर हिंदीत छापलं होतं 'दो रुपया'. मंग कोणाच्या तरी ध्यानात आलं का दोन आहेत तर 'रुपये' पाहिजे. झालं, पुढच्या नोटांवर 'दो रुपये'. आता 'या' असो का 'ये' असो, वांगे तेवढेच येतेत का नाही? पण रुपरावले 'या'च पाहिजे. वीस वर्षं होऊन गेली, ती नोट आता दिसते कोठी? त्या एका 'या'पायी या माणसाची झोप गेली होती, आणि गोपिकाले वाटे का याले ऑफिसात साहेब त्रास देते.

आणि अशातच हिवाळ्यात याचा घसा बसला. खरंच बसला, हां. एवढी एकच बिमारी खरी. धंतोलीत एक तरुण डॉक्टर नवीन आला होता, मोठ्ठं शिकून आलेला, फी आठ रुपये. आठ रुपये ऐकून माहाही आवाज बसला. रुपरावनं दहाची नोट दिली. काउंटरवर अंजनाबाई बसे, जाड चष्म्याची, तिनं एकाच्या दोन नोटा परत दिल्या. त्यातली एक, तुम्हाले सांगतो, याच्या लग्नाच्याही आधीची. मऊ, धुतल्या धोतरासारखी. रुपराव औषध घ्याच्या आधीच बरा झाला.

बाहेर आल्यावर मले म्हणते, "बाबाराव, ध्यानात आलं का? या दवाखान्यात येते कोण? आर्वी, काटोल, उमरेड, वणी, साऱ्या विदर्भातले लोक. बाजाराले माणूस वरवरच्या नोटा काढते. पण धान्याच्या कोठीत ठेवलेला डबा कधी उघडते? घरात कोणी बिमार पडलं का उघडते." खरं सांगतो, मले कौतुक वाटलं. सरकारी बाबू असून डोकं चालवते. मले काय माहीत का त्याचं डोकं माह्या पायानं चालणार होतं?

पुढच्या गुरुवारी हजर. आता डॉक्टरले सांगाचं काय? घसा तर साफ. म्हणते, "डाव्या कानात शिट्टी वाजते." तपासलं, गोळ्या दिल्या, आठ रुपये घेतले, दोन परत दिले. नोट कोरी करकरीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी उजवा गुडघा. मंग उचकी. मंग जेवल्यावर तळपाय थंड पडतेत. मंग सकाळी उठल्यावर तोंडाले तांब्याची चव येते. दर खेपेले दुखणं नवीन, कारण जुनं सांगितलं तर डॉक्टर म्हणे, "तेच औषध चालू ठेवा, महिनाभर यायची गरज नाही." महिनाभर म्हणजे चार गुरुवार पाण्यात. म्हणून हा कॅरिअरवर बसून रस्ताभर बिमाऱ्या शोधे आणि माह्या पाठीत बोट खुपसून विचारे, "बाबाराव, आज कोपर सांगू का पाठ?" आणि याले झालं काय होतं? काहीच नाही.

पण डॉक्टर... तो डॉक्टर साधा नव्हता हो. दुसरा असता तर लाल मिक्स्चर देऊन मोकळा झाला असता. हा सारं लिहून घे. कान, गुडघा, उचकी, तळपाय, तांबं, कोपर. एक्स-रे काढून आणाले सांगितला. आणि आठव्या गुरुवारी त्यानं पेन खाली ठेवला, दार लोटलं आणि हळूच म्हणते, "रुपराव, तुमच्या या तक्रारी वेगवेगळ्या नाहीत. या सगळ्या मिळून एकच आजार आहे." जाडजूड पुस्तक उघडलं. एकाच पानावर कान, गुडघा, उचकी, सारं. नाव एवढं लांब का ऐकता ऐकता रुपरावले खरीच उचकी लागली. "हा आजार मी फक्त पुस्तकात वाचलाय," डॉक्टर म्हणते. "इकडे कोणी पाहिलेलाच नाही. आणि तुम्ही असे... सायकलवर बसून माझ्या दारात आलात." मी डॉक्टरचे डोळे पाहिले. असे डोळे मी आधी पाहिले होते, भाजीबाजारात. त्यानं रुपरावचा एक्स-रे उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला...

"मी मरतो का साहेब?" रुपरावनं विचारलं.

"छे, बहुधा नाही."

बहुधा म्हणे. आणि आम्ही निघालो तसा डॉक्टरनं अंजनाबाईले आवाज दिला, "यांच्याकडून यापुढे फी घ्यायची नाही." हे ऐकून रुपराव पांढराफटक पडला. डॉक्टरनं तेही लिहून घेतलं.

कारण फी नाही म्हणजे दहाची नोट नाही, दहाची नोट नाही म्हणजे चिल्लर नाही, आणि चिल्लर नाही तर मंग या दवाखान्यात आहे काय? रुपराव हात जोडून म्हणते, "साहेब, घ्या हो फी. मी आणली आहे." डॉक्टर म्हणते, "नाही रुपराव, तुमच्याकडून मी पैसे घेणार नाही." "पाया पडतो साहेब, आठच रुपये तं आहेत." डॉक्टरनं याचे जोडलेले हात आपल्या हातात धरले. बाकावरच्या बाया एकमेकींले म्हणून राहिल्या, "पाहा वं, एवढा बिमार आहे पण किती मानी माणूस."

इकडं डॉक्टरनं गोपिकाले चिठ्ठी धाडली. तेल बंद, तिखट बंद, चहा बंद, सावजीच्या झणझणीत रश्शाचं तर नावही काढाचं नाही. सकाळ-संध्याकाळ दुधीभोपळा, उकडून. तीन दिवस हा दुधी गिळत राहिला, चौथ्या दिवशी कबूल केलं, "गोपिका, मले काहीच झालं नाही वं. मी नोटीसाठी जात होतो." गोपिकानं ताट समोर सरकवलं. म्हणते, "डॉक्टरनं लिहिलंच आहे का पेशंट स्वतःले बरा समजते. खा."

तरी हा जाचं सोडे का? फी नसली तरी बाकावर बसून लोकांच्या हातातल्या नोटा पाहाले तर मिळतेत. आणि त्या गुरुवारी, मी तुम्हाले सांगतो, उमरेडकडचे एक म्हातारेबुवा आले, धोंडबा, खोकून खोकून बेजार. अंजनाबाईसमोर उभे राहिले, बंडीतून चंची काढली, चंचीतून फडकं काढलं, फडक्यातून नोटा काढल्या, थुंकी लावून एकेक सुटी केली... आणि रुपरावनं माहा दंड असा धरला का निळा पडला. "बाबाराव... 'या'." मी म्हणलं, कोण या? म्हणते, "'दो रुपया' गा."

नोट ड्रॉवरमध्ये गेली. आणि तेवढ्यात आतून डॉक्टरचा आवाज, "रुपराव, या. आपल्याकडे पाहुणे आलेत."

आत तीन मोठे डॉक्टर बसले होते, तिघांचे मिळून केस एका माणसाचेही होत नव्हते. खास याले पाहाले आले होते. रुपराव जाता जाता मले म्हणते, "ड्रॉवरवर नजर ठेव, नोट निघाली का आवाज दे." तिकडं त्याचा सदरा काढला, टेबलावर निजवला, दंडाले प्रेशरचा पट्टा बांधला. पण याचं ध्यान कोठी? दाराबाहेर. अंजनाबाईचा ड्रॉवर खडखडला का याची नाडी धावे, ड्रॉवर लागला का नाडी खाली. मोठे डॉक्टर मनगट धरून म्हणतेत, "वाढली... कमी झाली... पुन्हा वाढली. अहो, हे पुस्तकातसुद्धा नाही." आणि याले झालं काय होतं?

बाहेर एका पेशंटनं दहाची नोट दिली. अंजनाबाईनं ड्रॉवर उघडला, हात घातला आणि नेमकी धोंडबाची तीच मऊ नोट वर आली. मी हाक दिली, "रुपराव, निघाली गा."

मंग काय विचारता. दार धाडकन उघडलं आणि हा बाहेर, आंगात बनियान, दंडाले पट्टा, पट्ट्याची रबरी नळी मागं लोंबून राहिली, आणि त्या भरल्या दवाखान्यात हात वर करून म्हणते, "थांबा. ती दोनाची नोट मले पाहिजे. मले काहीच झालं नाही. मी कधीच बिमार नव्हतो. मी नुसता दोन रुपयांसाठी येतो."

खोकणारे खोकाचे थांबले. मंग धोंडबा उठले, याच्या आंगावरून हात फिरवला आणि म्हणतेत, "इतकी वाईट परिस्थिती हाये का गा भाऊ?" आणि परत बंडीतून चंची काढली, चंचीतून फडकं काढलं आणि दोनाची एक नोट याच्या हातावर ठेवली. करकरीत. त्याईचं पाहून बाया उठल्या, कोणी एक रुपया दिला, कोणी आठ आणे, एका पोरीनं बिस्कीट दिलं. रुपराव आपला बनियानवर उभा, ओंजळ भरून.

अंजनाबाईनं चष्म्यावरून पाहिलं. "ही पाहिजे का तुम्हाले? मंग आधी सांगाचं ना. अशा मऊ नोटा दुकानदार घेत नाहीत, मी दर शनिवारी बँकेत बदलून आणतो. ढीगभर गेल्या." धोंडबाची नवी नोट घेतली, जुनी याच्या हातात दिली, आणि त्या पेशंटले नवी देऊन वाटेले लावलं. एवढंच. मी म्हणलं, रुपराव, ही आपसूक आली का गा? तो नोट उजेडात धरून पाहत होता.

पण दारात ते चारही डॉक्टर उभे होते ना. त्याईनं सारं ऐकलं. त्यातला सगळ्यात टकला होता तो हळूच म्हणते, "भ्रम. मला वाटलंच होतं, आता भ्रम सुरू होणार." आणि आमच्या डॉक्टरनं उभ्या उभ्या लिहून घेतलं.

आता नोटांची वही गोपिकाच्या पेटीत कुलपात आहे, डॉक्टरचा हुकूम. रविवारी दहा मिनिटं पाहाले मिळते, तीही तिच्यासमोर. 'दो रुपया' पहिल्या पानावर आहे आणि दुधी चालूच आहे. आणि दर गुरुवारी जावंच लागते, कारण आता कॉलेजातले शिकाऊ डॉक्टर याले पाहाले येतेत, रांग लावून. याले सोडावं कसं?

गेल्या गुरुवारी मी आपला बाकावर बसलो होतो. डॉक्टर बाहेर आला, माह्याकडे पाहत राहिला. म्हणते, "तुम्ही दर वेळी यांच्यासोबत असता, नाही का? एकाच सायकलवर? जरा जीभ दाखवा." मी म्हणलं, साहेब, मले काहीच झालं नाही. तो गालात हसला आणि रजिस्टरचं कोरं पान उघडलं. म्हणते, "त्यांचंही हेच म्हणणं आहे."

मंग करता काय... दाखवली जीभ. आणि बाहेर अंजनाबाईनं माह्याकडून आठ रुपये घेतले. म्हणते, "फी त्याईले माफ आहे. तुम्ही अजून साधे पेशंट आहात."