पाहिजे डॉक्टर?

सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत रंजिता गुडघा धरून उभी होती. तिचा नवरा विवेक बोदलकसा गावचा, पोलीस शिपाई. तिच्या मागे गळ्यात हात बांधलेला एक म्हातारा आणि त्याची बहीण बोलत होते.

"खुशालभाऊ, तुमी दगड फेकले का?"

"कायचा दगड, बाई? गावच्या दवाखान्यात डॉक्टर पाहिजे म्हून सतरंजी टाकून बसलो होतो. भजन म्हनून राहिलो होतो."

"मंग नेलं काऊन?"

"रस्ता अडवला म्हने. गाडीत बसा म्हनले, बसलो. ठान्यात दार लावलं अना भिंतीकडं तोंड करून उभं केलं."

"अगा बापा!"

"एक शिपाई काठी मारे अना विचारे, 'पाहिजे डॉक्टर?' मी हो म्हनलं का दुसरी बसे."

"मंग नाई म्हनाचं ना, भाऊ!"

"म्हनलं ना. तं विचारे, 'मंग बसला कायले होता?' "

"तेथं साहेब नोहोते?"

"जेवाले गेले होते. हा एकटाच मारत होता, हासून राहिला होता. दुसरा शिपाई म्हने, 'विवेक, बस कर, बुढा आहे. तुमच्या बोदलकशात असंच करता का?' तरी थांबला नाई."

रंजिताने वळून त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. खिडकीतून तिच्या नावाचा पुकारा झाला.

"बाबा, तुमी जा आधी."

"नंबर तं तुमचा आहे. कोन्या गावची तुमी, बाई?"

"बोदलकशाची," ती कशीबशी म्हणाली. "विवेकची बायको."

म्हातारा एकदम मागे सरकला. त्याचा धड हात काठी अडवायला जावा तसा आपोआप डोक्यावर गेला होता.