नव्याण्णव माणसांचं गाव
रहिवासी नोंदणी कचेरीच्या रांगेत पुढे पोस्टमन आणि नर्सबाई कुजबुजत होते. मागे उभ्या शिंपीणबाईंचे कान लगेच टवकारले.

"गावात माणसं किती भरली?"

"नव्याण्णव. शंभर भरली नाहीत तर तुमचा दवाखाना बंद आणि तुमची बदली."

"मग आणा की कुणाला तरी राहायला."

"तेच म्हणतोय. तुम्ही रोज बसनं ये-जा करता. गावातच राहा."

"खोली कुठाय?"

"माझ्या घरी. म्हणजे, रीतसर लग्न करून."

"एक डोकं कमी पडतंय म्हणून मागणी घालताय?"

"छे हो. गेल्या वर्षीच घालणार होतो. तेव्हा आम्ही एकशे तीन होतो, निमित्तच सापडेना."

रांग पुढे सरकली. शिंपीणबाई दोघांना चिकटूनच पुढे झाल्या.

"किती फॉर्म?" कारकुनानं विचारलं.

नर्सबाई म्हणाल्या, "एका कुटुंबाला एकच लागतो ना?"