दारातला राक्षस

मोर्चामुळे चितेगावची बस अडकली होती. रांगेत सुनंदाच्या मागे मेंढरं राखणारे मल्हारमामा आणि त्यांचा कंपनीतला भाचा सांडू बोलत होते.

"स्टँडवरच्या दुकानातलं व्हिडिओ गेमचं मशीन उद्या नेणार, मामा. आज राक्षस हरला नाय, तर त्याच्यामागं झोपलेली राणी दिसायचीच नाय."

"झोपली कशानं?"

"राज्य बुडालं म्हणून. शंभर वर्षं हा राक्षस एकटाच तिच्या दारात उभा हाय."

"लढतो कसा?"

"तीन पावलं मागं सरतो, मान खाली घालून धावतो. मी मागं पळतो, तरी गाठतोच."

"मेंढाच की रं! एकदा निघाला की वळत नाय. बाजूला हो."

"मग पाठीत घालू?"

"कशाला? लई राखण केली त्यानं. दार मोकळं झालं, आत जा."

"म्हंजी त्याला मारायचंच नाय!"

"अरं, बस आली. चल."

"तुमी व्हा पुढं, मामा. मी राणीला बघून येतो."