रेनो हाकालाची एकच काठी

(एप्रिलचा शेवट. मिशिगनच्या उत्तर टोकाला, तळ्याकाठच्या गावात बर्नीबाईचं गळ आणि आमिषांचं दुकान. रेनो हाकाला काउंटरपाशी उभा. त्याची बायको लेम्पी शेजारच्या बेकरीत गेलेली.)

बर्नी: एकच? रेनो, तू एकच काठी मागतोयस?

रेनो: एकच.

बर्नी: ट्राउट आणि बास, दोन्हीला मिळून?

रेनो: मिळून.

बर्नी: थांब, मला बसू दे. अरे, याच काउंटरला टेकून तू जन्मभर लोकांची टर उडवलीस. दोन्ही माशांना एक काठी मागणारा माणूस ज्या चमच्याने सूप पितो त्याच चमच्याने दाढीही करत असेल, असं त्या डेट्रॉइटच्या दातांच्या डॉक्टरला म्हणाला होतास. बिचारा पुन्हा फिरकला नाही.

रेनो: म्हणालो असेन.

बर्नी: वर दात काढून हसला होतास.

रेनो: दाखव ना काठ्या.

बर्नी: दाखवते. पण माझं ऐकशील तर दोन घे. ट्राउटला एक नाजूक, बासला एक दणकट. तुला काय मी नव्याने शिकवायचं?

रेनो: दोन नकोत. तळघरात आत्ता कुठे चालायला वाट झालीय, असं लेम्पी म्हणते. घरात काठी येईल तर एक, नाहीतर मी बाहेर.

बर्नी: बरोबरच आहे तिचं. काठ्या होत्या तेव्हा तुमच्या तळघरात कपडे धुवायला जायचं म्हणजे जंगलातून वाट काढायची.

रेनो: आता नाहीत ना.

बर्नी: नाहीत, कारण तू त्या वाटून टाकल्यास. आता त्यात वाईट काय? इथले सगळेच म्हातारे वाटतात. आपल्या मागे काठ्या अंगणात टेबलावर मांडून विकल्या जाऊ नयेत, म्हणून आपल्या हाताने ज्याच्या त्याला द्यायच्या. माझ्या नवऱ्याने, आर्मंडनेही दिल्या. पण बाकीचे सगळे दिल्यावर गेले रे. तू एकटाच असा, की गावभर काठ्या वाटल्यास, छातीचं ऑपरेशन करून घेतलंस आणि टुणटुणीत परत आलास.

रेनो: डॉक्टरीण चांगली निघाली. माझा अंदाज चुकला.

बर्नी: चुकला ते बरं झालं. वर बघ, गल्ल्याच्या वर. तू दिलेली निळी काठी. अजून पाण्याला लावलेली नाही. म्हणत असशील तर आत्ता खाली काढते.

रेनो: दिलेली परत घेत नाहीत.

बर्नी: पोस्टमन ड्वेन पण विचारत होता, त्याला दिलेली काठी परत हवी का. डाक टाकायला येतो तेव्हा म्हणे तू खिडकीतून बघतोस आणि आत पळतोस. पास्टर म्हणतात, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतोस आणि शेवटचं गाणं संपायच्या आत गाडी सुरू करतोस. आणि माझ्याकडे? सगळा हिवाळा गेला, आज उगवलास.

रेनो: थंडी होती.

बर्नी: थंडी तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. तुला लाज वाटते. काठी देताना आम्हाला जे जे बोललास, त्याची.

रेनो: बर्नी, काठ्या.

बर्नी: मला म्हणालास, "आर्मंड गेल्यावर तू दुकान बंद केलं नाहीस, बरं केलंस. सकाळी तुझा दिवा दिसला की मला बरं वाटायचं." तू एवढंच बोललास, रेनो, आणि मी मागे आमिषाच्या अळ्यांच्या फ्रीजपाशी जाऊन पोटभर रडले. मला वाटायचं, हा माणूस इथे फक्त वजनकाटा चुकीचा आहे म्हणून भांडायला येतो.

रेनो: काटा चुकीचाच आहे.

बर्नी: असू दे. मला एवढंच म्हणायचंय, की तू वाचलास म्हणून ते शब्द काही खोटे पडले नाहीत. आम्हाला ते उपयोगी आहेत. काय लपतोस?

रेनो: मरणारा माणूस काहीही बोलतो. मग त्यालाच दुकानात दूध आणायला जावं लागलं की कठीण होतं.

बर्नी: हं, ही घे. पाच फुटी, ट्राउटची. शेंडा बघ, नुसत्या श्वासाने हलतो.

रेनो: हिच्यावर बास लागला तर गळ त्याच्या जबड्यात रुतणारच नाही. वाकत राहील नुसती. नको.

बर्नी: मग ही सात फुटी.

रेनो: खांब आहे हा. ट्राउटचं तोंड मऊ. एक झटका दिला की गळ ओठ फाडून बाहेर. शिवाय लहान फिरकीचं आमिष हिच्याने लांब जाणार नाही. मधलं काय आहे?

बर्नी: मधलं आहे. साडेसहा फूट. वरचा हातभर भाग मऊ, खाली कणा ताठ. दोन तुकड्यांची आहे, गाडीत मावते. मला विचारशील तर एकच घ्यायची असेल तर हीच. पण हिची मूठ तुला बारीक पडेल. तुझा पंजा म्हणजे फावडं.

रेनो: मूठ ठीक आहे.

बर्नी: हातात धरून तरी बघ.

रेनो: बघितली. रीळ लहान लाव. तंगुसाचा दोरा बारीक, पण अगदी बारीक नको. नवशिक्याच्या हातून गाठी कमी पडतील असा.

बर्नी: नवशिक्या कोण?

रेनो: आणि रिळाचा दांडा उजवीकडे घे.

बर्नी: उजवीकडे? तू उजव्या हाताने काठी धरतोस आणि डाव्याने गुंडाळतोस. सगळं गाव असंच करतं. उजवीकडे दांडा लागतो डावखुऱ्याला.

रेनो: हो.

बर्नी: गावात डावखुरा म्हणजे तो शाळेतला मास्तर. आणि... थांब. रेनो. लेम्पी डावखुरी आहे.

रेनो: दांडा फिरवतेस ना?

बर्नी: फिरवते, फिरवते. पण तिने आयुष्यात गळ टाकलेला नाही रे. तुझ्या नावेत असते, पण नेहमी वल्ह्यांवर. तू काठावरच्या दगडांत गळ टाकायचास आणि ती नाव काठाला धरून चालवायची. मी पुलावरून बघायचे तुम्हाला.

रेनो: म्हणूनच.

बर्नी: आणि वल्ही कोण मारणार? तुझी छाती उघडून शिवलीय.

रेनो: इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीत वल्ह्यांचं यंत्र आहे. दर आठवड्याला जायचो. नर्सला सांगितलं, मला बाकी काही नको, हेच दे. आता पाऊण तास मारतो. डॉक्टरीण हो म्हणालीय.

बर्नी: लेम्पीला माहीत आहे?

रेनो: तिला वाटतं सायकल चालवतो.

बर्नी: मग आता माझं ऐक, आणि दांडा लागेपर्यंत तोंड उघडू नकोस. जानेवारीत लेम्पी इथे आली होती. चहा घेतला. मी म्हटलं, रेनो वाचला, देवाचे उपकार. ती म्हणाली, हो, उपकारच. आणि मग म्हणाली, "बर्नी, त्याने पोस्टमनचे आभार मानले. पास्टरचे मानले. ज्या शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलत नव्हता त्याचेही मानले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं. मी खुर्ची ओढून बसले. तर मला म्हणाला, तळघरातल्या घर तापवायच्या भट्टीची जाळी दर महिन्याला बदल."

रेनो: बदलायला हवी. नाहीतर धूळ अडकून भट्टी बंद पडते.

बर्नी: रेनो.

रेनो: बोलली नाही मला कधी.

बर्नी: ती काय बोलणार? तुझ्याबरोबर राहून तीही तुझ्यासारखीच झालीय. पण तिला लागलंय ते. आज तू तिच्या हातात ही काठी देशील, गप्प राहशील आणि तुला वाटेल झालं. नाही होत. ड्वेनला दोन वाक्यं मिळाली, तर तिला निदान चार मिळायला हवीत.

रेनो: ड्वेनशी सोपं होतं.

बर्नी: माझ्याशी पण सोपं होतं?

रेनो: तुझ्याशीही. लेम्पीशी जमत नाही.

बर्नी: जमव. आलीच बघ ती. ये गं, ये. काय आणलंस?

लेम्पी: पेस्टी, सारण भरून भाजलेल्या. अळणी, नुसतं गाजर घातलेल्या, कारण याला आता मीठ आणि लोणी दोन्ही बंद. झाली का रे तुझी खरेदी? मला वाटलं होतं, येईपर्यंत तू इथल्या निम्म्या काठ्या बगलेत मारून उभा असशील.

रेनो: एकच घेतली.

लेम्पी: दाखव. ही? ही तुझी नाही वाटत. एवढीशी मूठ. बर्नी, तू याला काहीही गळ्यात मारतेस.

बर्नी: मी काही मारलं नाही बाई. त्यानेच निवडली. माझं नाव यात घेऊ नकोस.

रेनो: धर ना ती.

लेम्पी: मी कशाला? मला काय कळतंय.

रेनो: धर तर. तसं नाही, डाव्या हातात.

लेम्पी: धरली. हलकी आहे. मग?

रेनो: बर्नी, तंगुसाचं टोक घे आणि जरा मागे जा.

बर्नी: गेले. मी कोण होऊ आधी?

रेनो: ट्राउट.

बर्नी: घे, लेम्पी. मी ट्राउट आहे. टुक, टुक. कळलं?

लेम्पी: अगं हो. बोटात कळलं. अगदी इथे, अंगठ्याच्या खाली.

रेनो: झटका देऊ नकोस. नुसती काठी उचल. हां. तिचं तोंड मऊ असतं.

बर्नी: आता मी बास. हे बघ, कशी ओढते.

लेम्पी: अगं सावकाश, पडेन मी. रेनो, ही खालून किती ताठ आहे.

रेनो: आता दे झटका. जोरात. उजव्या हाताने गुंडाळ. बघ, दांडा त्याच बाजूला आहे.

लेम्पी: माझ्या बाजूला का आहे?

रेनो: काठी तुझी आहे म्हणून.

लेम्पी: माझी?

रेनो: मी तुझ्यासाठी निवडली. एकच येणार घरात म्हणालीस, म्हणून दोन्हीला चालेल अशी. वरच्या अंगाला ओढा तळ्यात येतो तिथे ट्राउट, खाली दगडांत बास. शनिवारी ट्राउटचा हंगाम उघडतोय. बर्फ गेलाय तळ्यावरचा.

लेम्पी: आणि तू काय करणार?

रेनो: वल्ही.

लेम्पी: वेड लागलंय का? छातीत तारा आहेत तुझ्या.

रेनो: यंत्रावर करत होतो. पाऊण तास होतो माझ्याने. डॉक्टरीणबाईंना विचार.

लेम्पी: सायकल म्हणाला होतास.

रेनो: हो.

लेम्पी: तरीच तळव्यांना घट्टे पडलेत. मी म्हटलं, सायकलने हाताला घट्टे कसे पडतात या माणसाच्या. बर्नी, तुला माहीत होतं हे?

बर्नी: आत्ताच कळलं. मी मागे जाऊन अळ्यांचा फ्रीज बघते जरा.

रेनो: राहू दे, बर्नी. तू गेलीस तर मी बोलणार नाही.

बर्नी: मग थांबते. पण पाठ करून.

लेम्पी: काय बोलणार आहेस?

रेनो: आदल्या दिवशी तुला जाळीचं सांगितलं.

लेम्पी: सांगितलंस.

रेनो: तुला वाटलं, बाकी सगळ्यांना चांगलं बोलला आणि मला जाळी.

लेम्पी: वाटलं. खोटं कशाला बोलू? रात्रभर वाटलं. तुला आत नेलं तेव्हाही तेच वाटत होतं, आणि तेच वाटतंय म्हणून मला स्वतःची लाज वाटत होती.

रेनो: बाकीच्यांचा निरोप घेत होतो, लेम्पी. म्हणून बोलता आलं. तुझा घ्यायचा नव्हता. तुझ्याशी तसं काही बोललो असतो तर मग मी खरंच गेलो असतो, असं मला वाटलं. म्हणून जाळी. जाळी म्हणजे पुढच्या महिन्याची गोष्ट.

लेम्पी: हे तुला तेव्हा सांगता आलं नाही?

रेनो: नाही.

लेम्पी: आणि आता?

रेनो: आता सांगतोय. मी तिथे पडल्या पडल्या मोजत होतो, माझे मासे. मोठे, लहान, सगळे. प्रत्येक आठवणीत नाव अगदी हवी तिथे उभी होती. वारा असो, लाट असो. मी एकदाही तुझ्याकडे वळून म्हटलं नाही, की नाव छान धरलीस. मला वाटायचं, नाव आपोआपच तिथे असते. मी फार चांगलं जगलो, लेम्पी, आणि ते तू वल्ही मारलीस म्हणून. मी तुझा फार आभारी आहे. आणखी कसं म्हणायचं ते मला येत नाही.

लेम्पी: पुरे.

रेनो: चुकलं का काही?

लेम्पी: नाही. पुरे म्हणजे पुरलं. बर्नी, तुझ्याकडे रुमाल आहे का?

बर्नी: माझाच ओला आहे. हा कागद घे.

रेनो: काठी आवडली का पण?

लेम्पी: आवडली. बासने हात दुखवला, तरी आवडली. पण मी मागच्या फळीवर बसून काय करू? सवय नाही मला. वल्ही मारताना नाव जाते तिकडे माझी पाठ असायची.

रेनो: तेच म्हणतो. इतकी वर्षं आपण कुठे चाललोय ते तुला कधी दिसलं नाही. आता तू पुढे तोंड करून बसशील.

लेम्पी: मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही रे. समोर तू दिसायचास ना.

रेनो: मग आता मला तुझ्याकडे बघू दे.