आरशावरचं फडकं

(सोनोराचं वाळवंट, मे महिना. सकाळी अंगणात लिब्रादो आणि त्याची मोठी मेहुणी ओबदुलिया.)

ओबदुलिया: त्या दिवशी मी दवाखान्यातून फोन केला, तोमासा गेली म्हणाले, सगळे आरसे झाक म्हणाले. तू झाकलेस. पण काल नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, लिब्रादो. घरातली फडकी मी काढली. अंगणातल्या आरशावरचं हे तेवढं तू काढ.

लिब्रादो: ते राहू द्या, ताई.

ओबदुलिया: राहू द्या कसं? एक जरी आरसा झाकलेला असला तर गेलेल्या माणसाचा क्रूस घरातून थडग्यावर नेत नाहीत. माझ्या बहिणीला असं ताटकळत ठेवणार आहेस?

लिब्रादो: ते दुखवट्याचं नाही. तुमचा फोन आला तेव्हा मी तेच बांधत होतो.

ओबदुलिया: म्हणजे मी तिच्या उशाशी, आणि तू इथे फडकी बांधत होतास?

लिब्रादो: शेळ्यांचं दूध काढायला आलो होतो. संध्याकाळी परत येणार होतो. फडकं तिनंच सांगितलं होतं, आठवडाभर आधी. 'आरसा झाक, सायनो डोकं फोडून घेईल.' मी विसरलो. त्या दिवशी बघतो तर काचेवर रक्त.

ओबदुलिया: कोण सायनो?

लिब्रादो: तो काय, मेस्किटच्या झाडाच्या शेंड्यावर. लाल तुरा, छातीवर लाल ओघळ, बाकी राखाडी. मघापासून शीळ घालतोय ना, तोच. आरशात त्याला दुसरा नर दिसतो. मग दिवसभर भांडतो.

ओबदुलिया: पुरुषाची जात! भांडू दे. दमेल आणि जाईल.

लिब्रादो: दमत नाही. मादी अंड्यांवर बसलीय, तिला हाच भरवतो. हा इथे अडकला की ती उपाशी.

ओबदुलिया: मग आरसा काढून आत ने.

लिब्रादो: सिमेंटात बसवलाय. तोमासानं. तिनं बसवलेलं कधी निघालंय?

ओबदुलिया: ते खरं. पण पाखरासाठी क्रूस अडवायचा? शेळ्या राखून याचं डोकं फिरलं, म्हणतील लोक. दाढी बघ जरा स्वतःची.

लिब्रादो: इकडे या. हळू. काटे आहेत.

ओबदुलिया: अगं बाई, उडाली. घरट्यात तीन अंडी.

लिब्रादो: अंड्यांखाली बघा.

ओबदुलिया: मुळ्या, गवत... हे काय, केस?

लिब्रादो: विंचरून झालं की तोमासा गुंतवळ या काट्यांवर अडकवायची. 'नेऊ देत पाखरांना,' म्हणायची.

ओबदुलिया: एवढे पांढरे झाले होते? माझ्यासमोर तर नेहमी रुमाल बांधून असायची.

लिब्रादो: दोन वर्षांपासून.

ओबदुलिया: मला बोलली नाही कधी. ...चल, मागे हो. बसू दे तिला.

लिब्रादो: हो.

ओबदुलिया: किती दिवस लागतील?

लिब्रादो: महिनाभर. निवडुंगावरची पिताया फळं पिकेपर्यंत पिल्लं उडतील. मग भांडणही संपतं. हिवाळ्यात तर वीस-वीस जण एकत्र दाणे टिपतात, शेळ्यांच्या वाड्यात.

ओबदुलिया: आणि तोवर तू इथे एकटा?

लिब्रादो: शेळ्या आहेत की.

ओबदुलिया: शेळ्या! काल काय जेवलास?

लिब्रादो: परवाच्या तोर्तिया होत्या.

ओबदुलिया: गाठ सैल आहे ही. वाऱ्यानं सुटेल. दोरी दे. आमच्या आईनं हे पाहिलं असतं तर दोघांना झोडपून काढलं असतं.

लिब्रादो: घ्या. इथे धरतो मी.

ओबदुलिया: आज सगळ्या बायका दफनभूमीपाशी वाट बघतील. फादर विचारतील. काय सांगू त्यांना?

लिब्रादो: सांगा, क्रूस अजून घरातच आहे.